कोंडीराम कोणाच्या बाजूने होता

मी, उद्धवराव ग्यानोबा सोळंके, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूम फिटर, मूळचा परभणीकडचा, सध्या राहणार कुरुळी, तालुका खेड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर आहे. चौथीच्या पुस्तकातल्या कविता अजून तोंडपाठ आहेत. दाखल्यासाठी गेलो तेव्हा डॉक्टरांना एक म्हणून दाखवली. दुसऱ्या कडव्यालाच ते म्हणाले, "बास काका, पटलं," आणि सही केली. छातीचं दुखणं मात्र वाढत चाललं आहे, म्हणून आता टाळत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझी मिळकत म्हणजे कुरुळीतलं हे घर, खाली दोन खोल्या आणि वर एक. ते माझ्या पगारातून आणि पत्नी कै. अंबूबाई हिच्या शिवणकामातून उभं राहिलं आहे. वडिलोपार्जित त्यात काही नाही, त्यामुळे कोणाला द्यायचं हा अधिकार माझा एकट्याचा. पाया खणला तेव्हा समोर ज्वारी होती. ती वाऱ्यावर अशी झुलायची की कामावर जाताना पाय अडायचा. आता तिथे निळ्या पत्र्यांच्या शेड आणि कंटेनरची रांग आहे. वारा तेवढा जुनाच असेल, असं मी धरून चालतो.

२. बँकेतली ठेव मुलगी स्वप्नाली, राहणार वाकड, हिला द्यावी. "बाबा, घरात मला काही नको, त्या घरात आता बसवत नाही," असं ती स्वतः म्हणाली आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. शाळेची जुनी पुस्तकं नात इंद्रायणीला. ती मराठी वाचताना अडखळते. अडखळू दे, पण मोठ्याने वाच म्हणावं.

३. माझे मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि कानशी आयटीआयला द्याव्यात. भंगारवाल्याला देऊ नयेत.

४. आता घर. पण त्याआधी कोंडीरामविषयी लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढची अट कोणाला कळायची नाही.

कोंडीराम येळवंडे हा इथला, कुरुळीचाच शेतकरी आणि कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर. मी सारख्या कविता म्हणतो म्हणून मला "मास्तर" म्हणायचा. ही जागाही त्यानेच दाखवली. शहाऐंशी सालच्या शारजाच्या त्या सामन्यात पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. तेव्हाच्या आमच्या कॉलनीत एकच टीव्ही, सगळे त्याच्यापुढे दाटीवाटीने बसलेले. कोंडीराम उठून म्हणाला, "जिंकलो की रं! पेढं आना!" आणि लगेच तो षटकार बसला. तेव्हापासून त्याला सगळे पनवती म्हणू लागले. तो ज्याची बाजू घेईल तो हरतो, असं ठरलं. आणि मग भारत-पाकिस्तान सामन्यात त्याने पाकिस्तानच्या बाजूने ओरडायचं, हेही ठरलं. मनातल्या मनात चालणार नाही. मोठ्याने, आणि माझ्या घरच्या खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीतूनच. हरलो तर त्यालाच बोलणी बसायची, "कोंड्या, आज घसा बसला होता काय तुझा?"

इतकी वर्षं त्या माणसाने आपल्या चौकाराला टाळी वाजवली नाही. आपला गडी बाद झाला की "शाब्बास!" म्हणायचा आणि पंच्याने डोळे पुसायचा. मध्येच मला कवितेची ओळ आठवली की म्हणायचा, "मास्तर, कविता मागनं. आधी आपली माती होऊ द्या."

गेल्या सप्टेंबरातल्या सामन्याला खोलीत आम्ही चौघे होतो: मी, कोंडीराम, माझा मुलगा सुजित आणि वरच्या खोलीतला भाडेकरू सार्थक, जो चाकणच्या कंपनीत आहे. आपले गडी सुरुवातीलाच पडले. कोंडीराम खिडकीत बसून ओरडत होता, "काढा दांडी! पाकिस्तान जिंकनार, लिहून ठिवा!" सुजित हसून हसून लोळत होता. "कोंडीकाका, जोरात! लागू पडतंय!" हे शब्द सुजितचे. मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

गल्लीत नवी पोरं जमली होती. त्यांना ही पद्धत ठाऊक नव्हती. बाहेरून कोणीतरी हाक दिली, "कोण आहे रे तो?" मी म्हणालो, "कोंडीराम, आता पुरे." त्याने टीव्हीवरची नजर काढली नाही. म्हणाला, "मास्तर, दोन ओव्हर राह्यल्यात. आता गप बसलो तर गेली म्याच." आणि आणखी मोठ्याने ओरडला.

सामना आपण जिंकलो. फटाके लागले आणि त्याच आवाजात दार ढकलून ती पोरं आत आली. सुजित कंपन्यांना कामगार पुरवतो, येत्या निवडणुकीच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो आहे. आलेली निम्मी पोरं त्याच्या मंडळाची होती. कोंडीराम म्हणाला, "अरं, मी उलटं बोलतोय, आपन जिंकावं म्हनून!" ती हसली. तेव्हा तो सुजितकडे वळून म्हणाला, "सुज्या, सांग की रं यांना."

सुजित म्हणाला, "ते गल्लीत राहतात. मॅच बघायला आले होते. काय बोलले, मला माहीत नाही."

मी मध्ये पडलो, तर मला भिंतीशी धरून ठेवलं. पुढचं लिहीत नाही. निळ्या खुर्चीचा एक हात मोडला आहे, ती माळ्यावर आहे. ज्याला बघायचं त्याने बघावी.

गुन्हा कोंडीरामवरच दाखल झाला. पोरांच्या फोनमधल्या व्हिडिओत त्याचं ओरडणं होतं, आमचं हसणं कापलेलं होतं. मी जबाब दिला, पण मी मित्र, आणि म्हातारा. सुजितने "मी फोनवर होतो" असं सांगितलं, सार्थकने "मी शिफ्टला होतो" असं सांगितलं. दवाखान्यातून कोंडीराम घरी आला तो खाटेवरच. टीव्ही लावू दिला नाही. दिवाळीनंतर गेला. आरोपी मयत झाला म्हणून प्रकरण बंद. म्हणजे तो दोषी ठरला नाही, पण आता कधी निर्दोषही ठरणार नाही. त्याची बायको सरुबाई किराणा आणायला मोशीपर्यंत जाते, कारण इथल्या दुकानात तिला बघून पोरं पाकिस्तानचा जयघोष करतात. परवा मला म्हणाली, "दादा, मला काय बी नगं. त्यांचं नाव तेवढं धुऊन द्या."

शाळेत आम्हाला कविता होत्या, त्यांत देशासाठी लढणारे घोड्यावर बसलेले असायचे. कोंडीराम प्लास्टिकच्या खुर्चीत होता, एवढाच मला फरक दिसतो.

५. म्हणून अट अशी. सुजितचं मंडळ भारत-पाकिस्तान सामन्याला देवळापुढे मोठा पडदा लावतं. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या अशा सामन्याला, खेळ सुरू होण्याआधी, सुजितने माईक हातात घेऊन सरुबाईसमक्ष सांगावं की कोंडीराम भारताच्या बाजूने ओरडत होता आणि "जोरात" असं त्याला सुजितनेच सांगितलं होतं. त्याने हे सांगितलं तर संपूर्ण घर सुजितचं. न सांगितल्यास संपूर्ण घर सरुबाई कोंडीराम येळवंडे यांच्या मालकीचं होईल. सांगितलं की नाही, हे स्वप्नालीने तिथे हजर राहून ठरवावं.

हे कलम मी सुजितला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, वर्षानुवर्षं राबून नाव कमावलंय. एका घरापायी गावासमोर नाक घासू?"

मी म्हणालो, "माझ्या जिवंतपणी सांग. मग हा कागद फाडतो, घर आजच तुझं."

तो उठून दाराशी गेला, चपला घातल्या. मग म्हणाला, "लोकांनी केलं ते. मी हात लावला नाही." आणि गेला. ते खरं आहे. त्याने हात लावला नाही.

६. सुजितने वरील अट पाळेपर्यंत माझ्या अस्थींना हात लावू नये. अग्नी स्वप्नालीने द्यावा. भाडेकरू सार्थक याच्यावर माझा राग नाही. पोर परगावचं आहे, भीती मला समजते.

७. सरतेशेवटी, ही उलटं ओरडायची पद्धत या घरात बंद करावी. ज्याला जे वाटतं तेच त्याने बोलावं. त्याने आपण हरलो तरी चालेल.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि शुद्धीवर असताना सही केली.

ठिकाण: कुरुळी. दिनांक: १७ जानेवारी २०२६.

(सही) उद्धवराव ग्यानोबा सोळंके

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली:

(१) सुमनताई दत्तात्रय गवारी, शिवणक्लास, कुरुळी. (सही)

(२) सार्थक बालाजी मुंडकर, राहणार वरची खोली. (सही) काकांनी माझ्यासमोर सही केली. सामन्याच्या दिवशी मी शिफ्टला नव्हतो, काकांच्या खोलीत होतो. कोंडीरामकाका आपल्याच बाजूने होते. हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे, कोणी सांगितलं म्हणून नाही.