लाकडाखालचा शिक्का

गार्दोने, १ नोव्हेंबर

फर्मो काका,

जुन्या लष्करी बंदुकांवरचे दुर्मीळ शिक्के ओळखणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण बाबांची बंदूक ते जाईपर्यंत मी कधी उघडली नव्हती. काल उघडली. लाकडाखाली, नळीच्या पोटाशी असा शिक्का निघाला की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. शेजारच्या तुल्लिओला दाखवला, तर तो हसतच सुटला.

"अगं इल्दे, ही तर शाळकरी पोरांच्या कवायतीची! नुसता आवाज काढते. हिनं चिमणीसुद्धा मरायची नाही."

मग ओत्तोरिनो कसा मेला, काका? युद्धात त्या पहाटे पुलावर तुम्ही दोघंच होतात. सतरा वर्षांच्या बाबांना ही बंदूक तुम्हीच भरून दिलीत. दोघांनी बार काढले, आपल्याच गावचा, पण शत्रूच्या बाजूनं पहाऱ्यावर उभा असलेला ओत्तोरिनो पडला, आणि तुम्ही म्हणालात, "तुझी लागली." बाबा जन्मभर दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्याच्या थडग्यावर शेवंती नेत राहिले. तुम्ही अर्जेंटिनाला निघून गेलात.

धाकट्या भावाच्या हातून खून होऊ नये म्हणून ही दिलीत ना? मग तो त्याच्याच माथी का मारलात? तुमच्यावर चिडू की तुमचे आभार मानू, मला काही म्हणजे काही कळत नाही.

आई आतून ओरडतेय, "शेवंती आणलीस का? बाप गेला म्हणून सुटलीस असं समजू नकोस!"

आणलीय. उद्या ती बाबांच्या वतीनं ठेवू, की तुमच्या?

हे पत्र न टाकणारी,
तुमची पुतणी इल्दे