पिवळा दिवा

४ नोव्हेंबर

आले एकदाची! सटाण्याहून सकाळची एसटी, मांडीवर आईच्या लाडवांचा डबा. सिन्नर फाट्याजवळची खोली लहान, पण उजेडाची आहे. घरमालकीण कलाबाईंनी आल्या आल्या चहा पाजला आणि विचारलं, हेलिकाप्टर तू स्वतः चालवती का गं? म्हटलं, नाही हो, मी तपासते. लष्कराची हेलिकॉप्टरं आमच्या हँगरमध्ये दुरुस्तीला येतात आणि तपासणी झाल्याशिवाय एकही वर जात नाही. सांगताना छाती जरा फुगलीच.

हँगरचे प्रमुख यादव साहेब यांनी स्वतः सगळीकडे फिरवलं. इथे आपण एक कुटुंब आहोत, म्हणाले. आजवर एकही मशीन उशिरा दिलेलं नाही, हेही सांगितलं. दोनदा.

१० नोव्हेंबर

आज पहिली शंका काढली. शेपटीच्या पंख्याला फिरवणाऱ्या गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या फडक्यावर घेतलं, तर धातूचा बारीक कीस चमकला. म्हणजे आत काहीतरी झिजतंय. इथले सगळ्यात जुने मेकॅनिक समाधानदादा आले, फडकं माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, ताई, नवीन आहात, कीस यायचाच.

असा कीस साठला की कॉकपिटमध्ये एक पिवळा दिवा लागतो. तो सारखा लागायचा, म्हणून त्याची वायरच काढून ठेवलीय! सेन्सर वेडा आहे म्हणे.

यादव साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला. मशीन शुक्रवारी द्यायचंय, एवढंच बोलले आणि तपासणीच्या कागदावर स्वतःच सही केली. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि टेबलावरचे सगळे एकेक करून उठून गेले.

१३ नोव्हेंबर

ते मशीन पडलं. सिन्नरकडे, टोमॅटोच्या मळ्यात. त्याचे वैमानिक कॅप्टन दीपक गेले. सकाळी निघताना आम्हा सगळ्यांना हात करून गेले होते.

मळ्यातल्या बाया सांगत होत्या, मागचा पंखा वरच थांबला, अन् भोवऱ्यागत गरगरत खाली आलं.

१४ नोव्हेंबर

फोटोला हार. मग लगेच काम सुरू. यादव साहेब म्हणाले, वैमानिकाची चूक. सगळ्यांच्या माना हलल्या.

समाधानदादांना विचारलं, ते फडकं कुठंय? ते म्हणाले, कोणतं फडकं, ताई? डोळ्यांत जराही लपवाछपवी नव्हती. त्याचीच भीती वाटली. खोटं बोलत नव्हते ते. खरंच विसरले होते.

१७ नोव्हेंबर

दुसरं मशीन. तोच कीस.

दिव्याची वायर मी जोडली. जेवून आले तर पुन्हा सुटलेली. कुणी काढली, विचारलं. सगळे हसले. अगदी प्रेमाने, घरातल्या वेड्या पोरीला हसतात तसे.

लष्कराच्या कार्यालयात फोन केला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. थोड्या वेळाने यादव साहेबांचं बोलावणं. मी फोनवर जे बोलले, ते त्यांनी मला शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. आवाज न चढवता. मग म्हणाले, तुमची भीती घालवायला हवी. उद्या ते मशीन चाचणीला वर जाईल, त्यात तुम्हीच बसा.

१८ नोव्हेंबर

नाही म्हणता येत होतं. पण मग चाचणीचे वैमानिक कॅप्टन रुद्र काही न कळता वर गेले असते. त्यांना गाठून सगळं सांगितलं — कीस, वायर, फडकं. ते मायेने हसले. यादव साहेबांनी आधीच सांगितलंय म्हणे — अपघातापासून बाईंना झोप नाही, त्यांना सांभाळून घ्या.

माझा पट्टा त्यांनीच आवळला. उतरायला हवं होतं. पण वर काही बिघडलं तर निदान त्यांना सांगता येईल, म्हणून बसून राहिले. खाली समाधानदादा उभे होते, मान वर न करता.

वर आलो. वही सोबत आणलीय, लिहिलं की जरा धीर —

खरखर. मागून. त्यांना सांगितलं. त्यांनी समोर बोट दाखवलं. पिवळा दिवा बंद आहे. म्हणजे सगळं ठीक, म्हणाले.

वाढली. आता दातांत जाणवते —

थांबली. एकदम.

जमीन खिडकीत — दुसऱ्या खिडकीत — ते दोन्ही पायांनी पेडल दाबताहेत, काही होत नाही — आता हसत नाहीत — माझ्याकडे बघून ओरडताहेत, कोणती वायर म्हणालात, कोणती —