आईच्या डोक्यावरचा हात

आई,
तू डेअरीवर दूध घालून येस्तोवर मी सव्वानऊच्या गाडीनं बीडला जातोय. म्हशीला कडबा टाकलाय. बीडच्या दवाखान्यात गांजा सोडवायच्या समुपदेशनाला चाललोय. ही तिसरी खेप हाय. मागल्या दोन्ही टायमाला मी कामाला जातो म्हणून खोटं बोललो.

पोळ्याच्या दिवशी तू माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून शपथ घातलीस. ती मी चौथ्याच दिवशी मोडली. पुढच्या आठवड्यात तुला टायफॉइड झाला. मला वाटलं, माझ्यामुळंच झाला. लई भ्यालो, अन् त्या भ्यानं आणखीनच ओढला. तू विचारलं की न्हाई म्हणायचो.

दवाखान्यातल्या समुपदेशनाच्या मॅडमनी शपथ घातली न्हाई. "परत ओढलास तरी ये, फक्त खरं सांग," एवढंच म्हणाल्या. टायफॉइड खराब पाण्यानं होतो, हेबी त्यांनीच समजावलं. पाणी उकळून पातेल्यात ठेवलंय, तेच पी.

सहापस्तोर येतो. भाकर वाढताना मला विचार, खरं सांगीन. फक्त माझा हात परत डोक्यावर ठेवून घेऊ नको. गांजा न ओढल्याचा आज अकरावा दिवस हाय, बिनशपथेचा.

शहादेव