अर्धवट राहिलेलं डोहाळजेवण

प्रिय आई,

'सासूबाई' लिहिलं असतं तर तुम्ही पत्र तसंच ठेवून दिलं असतंत, म्हणून आईच. उद्या माझं डोहाळजेवण आहे. दुसऱ्या वेळी कुणी करत नाही, पण मीच हट्ट धरला. पहिलं अर्धवट राहिलंय ना आपलं!

आठवतं? दुर्गापुऱ्याच्या याच घरात, हिरवी साडी, फुलांचे दागिने. शेजारच्या भाभीजी त्यांच्याकडच्या ओटीभरणाची, गोदभराई समजून नटूनथटून आलेल्या. आणि ओटी भरताना मी झोपाळ्यावर हमसून हमसून रडायला लागले. कारण काहीच नव्हतं. कित्येक आठवडे असंच चाललं होतं, झोप नाही, जेवणावर वासना नाही. भाभीजी म्हणाल्या, "ऐसे में रोते नहीं, बच्चा चिड़चिड़ा होगा."

तुम्ही सगळ्यांना आधी जेवायला बसवलंत आणि माझ्याशेजारी येऊन टेकलात. म्हणालात, "रड. बाळालाही कळू दे, रडू येतं आणि मग थांबतं." मी मात्र झोपाळ्यावरून उतरून आत गेले, ओटी अर्धीच राहिली. दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरांकडे नेलंत. ताप आला असता तर नेलंच असतं, एवढंच तुमचं म्हणणं. त्या औषधांनी मी सावरले.

पण ईशान खरंच चिडका निघाला हो! तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा तो नुकता चालायला लागला होता. आता शाळेत जातो, आवाज वाढला की कान झाकतो, जमिनीवर लोळण घेतो. भाभीजींचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. आणि त्यात पुन्हा दिवस राहिले. अशा वेळी निघून जायचं असतं का, आई? मी कुणाला विचारायचं होतं?

शेवटी बालरोगतज्ज्ञांना विचारलं, माझ्यामुळे का? त्यांनी खरं ते सांगितलं. गरोदरपणात आईची तब्येत, तिचं मन बिघडलं तर मुलाच्या वागण्यावर थोडाफार परिणाम दिसू शकतो. पण होतोच असं नाही, आणि यात आईचा दोष तर नाहीच. वेळेवर उपचार घेतलेत ते बरं केलंत, म्हणाल्या. आता तो चिडला की शांतपणे त्याच्याजवळ बसत जा. मला हसूच आलं. दुसरं काय करत होते मी? तो लोळत असला की शेजारी बसून तुमचंच वाक्य म्हणायचे.

आज संध्याकाळी तुमच्या लेकानं झोपाळा बांधला, नेहमीसारखा एका बाजूला कललेला. तो बघून तुमची इतकी आठवण आली की मी तिथेच बसून रडले. ईशान गाडी टाकून आला, शेजारी चढून बसला, माझ्या पाठीवर हात ठेवला. "मम्मा, रो लो. मग थांबतं."

आणि थांबलं, आई.

या खेपेला डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलंय. झोप लागते, भूकही लागते. उद्या रडू आलं तरी झोपाळ्यावरून उतरणार नाही, ओटी पूर्ण भरून घेईन, हा माझा शब्द. तुमची जागा ईशाननं घेतलीय, तेवढं चालवून घ्या.

तुमची,
मेघना