देवरावची साक्ष

मंगळवार, संध्याकाळ

देवराव गेला. कामठीचा यंत्रमाग कामगार. शेजारच्या गोदामात बंदुका उतरताना त्याने पाहिल्या आणि थेट पोलीस ठाण्यात माझ्याकडे आला. भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले. "साहेब, माह्यं नाव बाहेर नाही जाणार ना?" मी शब्द दिला होता.

याच बंदुकांच्या मागावर असलेल्या दिल्लीच्या पोलीस पथकाला त्याचा सुगावा लागला. माझ्याआधी केस फोडायची म्हणून त्यांनी काल भरदुपारी त्याच्या दारात गाडी लावली, अख्ख्या मोहल्ल्यासमोर त्याला नेलं आणि संध्याकाळी आणून सोडलं. मला कळवलंही नाही. पण मी तरी काय केलं? संरक्षण मागितलं तर त्यांना नाव कळेल, म्हणून मागितलंच नाही.

आज सकाळी तो कन्हान नदीच्या काठावर सापडला. गळा चिरलेला. भुवयांवर तेच तंतू.

दुपारी वरिष्ठांचा फोन आला. "खून आपल्या हद्दीत झाला. केस आता आपली! दिल्लीवाले बसतील हात चोळत." आवाजात चक्क आनंद होता.

शवागाराबाहेर त्याची बायको, शांताबाई, भेटली.

"साहेब, काल तुमचेच लोक त्यायले घेऊन गेले होते ना?"

"ते पोलीस वेगळे, बाई."

"वेगळे म्हंजे? मले त सारे सारखेच दिसते."

उद्या तिचा जबाब घ्यायचा आहे. दिल्लीवाले पोचायच्या आत घे, असा हुकूम आहे.