दोन बादल्या आणि मुशीचं तेल

॥ श्री ॥

वरवडे, ता. रत्नागिरी
१४ नोव्हेंबर २०२४

चि. दीपेश यास बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून हसू नकोस. फोनवर तू बोलतोस त्यातलं मला अर्धंच ऐकू येतं आणि शेजारच्या हौसाला मात्र सगळं. तीस वर्षं होडीच्या इंजिनाशेजारी काढली, कान त्यातच गेले. तेव्हा महत्त्वाचं असेल ते लेखी कळवत जा.

महत्त्वाचं म्हणजे तुझी गाडी. तुमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगीत ठेवायला जागा नाही म्हणून दिवाळीत ती इथे सोडलीस आणि जाताना एवढंच म्हणालास, की बाबा, गाडीकडे बघा. मी नुसता बघत नाही, रोज पहाटे धुतो. गुडघ्यामुळे होडी संदेशच्या हाती दिली, पण चार वाजता जाग येते ती येतेच. पुतण्या समुद्रावर जातो आणि काका अंथरुणात पडून राहतो, हे काही बरं दिसत नाही.

गाडी सेकंडहँड असली तरी माझ्या हाताखाली नवी होईल, काळजी करू नकोस. होडीचा तळ साफ करतो तशीच करतो. नारळाच्या सोडणाचा बोळा, भांड्यांची पावडर आणि हट्टी डागाला चिमूटभर बारीक वाळू. मागच्या दारावर कावळ्याची घाण वाळून दगड झाली होती, ती शिंपल्याने खरवडून काढली. मग उन्हात वाळवतो आणि कावळे बसू नयेत म्हणून वरून जुनं जाळं टाकतो. गाडीचा निळा रंग जरा पांढुरका दिसू लागला आहे, तो स्वच्छतेमुळे असावा.

आई आशीर्वाद सांगते. तब्येतीला जप, लोभ आहेच, पत्राने तो ताजा ठेव.

तुझा,
बाबा

॥ श्री ॥

ऐरोली
२१ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना दीपेशचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं. वाचून खाली उतरलो आणि गेटपाशी थोडा वेळ नुसता उभा राहिलो. वॉचमनने दोनदा विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

बाबा, गाडी म्हणजे होडी नव्हे. ते पांढुरकं म्हणजे हजारो बारीक ओरखडे आहेत. तुमच्या हातांना मी नावं ठेवत नाही, पण सोडण, पावडर, वाळू आणि शिंपला हे सगळं आजपासून बंद.

का घाबरलो तेही सांगतो. ऋतिकाबद्दल दिवाळीत मी आईला सांगितलं, म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं असणार. तिच्या वडिलांचं, सदानंद पालशेतकरांचं, खेडला गाड्यांच्या रंगकामाचं गॅरेज आहे. १९ जानेवारीला रविवारी त्यांनी आपल्याला घरी बोलावलं आहे, आणि निरोपात मुद्दाम सांगितलं आहे की गाडी घेऊन या, बघू. मागच्या वर्षी एका मुलाला त्यांनी चहा देऊन परत पाठवलं, कारण त्याने त्यांच्या अंगणात गाडीवर कोरडं फडकं मारलं. धूळ कोरडी घासणारा माणूस कशालाच जपत नाही, असं त्यांचं मत आहे. ऋतिका म्हणते की ती माझ्याशीच लग्न करणार, पण तिच्या बाबांच्या होकाराशिवाय मांडवात उभी राहणार नाही. म्हणजे माझं लग्न सध्या तुमच्या अंगणात उभं आहे.

पार्सल पाठवलं आहे. गाडी सावलीत लावा आणि पत्रा गार होऊ द्या. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, छपरापासून खाली यायचं, सरळ रेषेत, गोल गोल नाही, आणि पुन्हा शाम्पूत घालण्याआधी दर वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. चाकांना वेगळं फडकं. शेवटी मऊ टॉवेलने टिपायचं. आपोआप वाळू द्यायचं नाही, विहिरीच्या पाण्याचे डाग उमटतात.

आईला नमस्कार. माया आहे तशीच ठेवा, फक्त गाडीवर हलक्या हाताने करा.

तुमचा,
दीपेश

॥ श्री ॥

वरवडे
२ डिसेंबर २०२४

चि. दीपेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल पोचलं. हातमोजा एकच निघाला, दुसरा दुकानदाराने ठेवून घेतला की काय ते विचार. टॉवेल दोन होते. एक तुझ्या आईने देव पुसायला घेतला, तो आता मागायची माझी हिंमत नाही.

गाडी फणसाखाली लावली आणि तुझं पत्र वायपरमध्ये अडकवून अक्षरन् अक्षर तसं केलं. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला हा सगळा चोचलेपणा वाटला. पण काम झाल्यावर साध्या पाण्याची बादली ओतली तर तळाला बोटभर वाळू. एवढी वाळू मी रोज गाडीवर फिरवत होतो, हे पाहून मलाच कसंतरी झालं. झालं ते चुकलं. टिपताना तुझी आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली की लहानपणी दीपेशला आंघोळ घालून एवढ्या हलक्या हाताने कधी पुसलं नाहीत.

मात्र गाडीच्या पोटाखालचं तू काहीच लिहिलं नव्हतंस, म्हणून ते मी माझ्या बुद्धीने केलं. चटई टाकून खाली गेलो तर आधीच्या मालकाच्या कृपेने दोन-चार जागी गंज धरलेला. खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड ठेवायचं म्हणजे ते सडायची वाट बघत बसायचं. ब्रशने साफ केलं आणि मुशीचं तेल लावलं, मासळीचं, होडीला लावतो तेच. तीन हात दिले. वास आहे, पण मोकळ्या हवेत कळत नाही. वाडीतली सहा मांजरं गाडीखालून हलत नाहीत, आयता पहारा झाला.

खेडला जाताना मी पांढरा शर्ट घालीन. तुझा जीव गाडीत आहे तसा आमच्यातही असू दे.

तुझा,
बाबा

॥ श्री ॥

ऐरोली
९ डिसेंबर २०२४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मुशीचं तेल! बाबा, तीन तासांच्या प्रवासात आपण सगळे सुक्या मासळीच्या बाजारासारखे वासाने भरणार. मी ऋतिकाच्या वडिलांसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? चार लोकांत माझी शोभा करायची तर अजून सव्वा महिना आहे, अजून काही लावायचं असेल तर लावून घ्या.

हात जोडून सांगतो, तुम्ही आता गाडीला हातच लावू नका. मी आदल्या दिवशी येईन आणि काय करायचं ते करीन.

घाईत आहे. राग मानू नये.

दीपेश

॥ श्री ॥

वरवडे
१७ डिसेंबर २०२४

चि. दीपेश यास आईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली, अक्षर लावून घे. हौसाच्या मुलीकडून लिहून घेतलं असतं, पण घरातलं घरात राहिलेलं बरं.

तू हात लावू नका म्हणालास, त्यांनी लावला नाही. चार वाजता उठतात, ओट्यावर बसतात, गाडीकडे पाठ करून. चहा गार होतो. परवा संदेश होडी घेऊन निघाला तर त्याच्याकडेही बघितलं नाही. होडी संदेशकडे गेली तेव्हा असेच बसत होते, दोन महिने. तुझी गाडी आली आणि माणूस परत उठून कामाला लागला, म्हणून मी सोडणाला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, तो माझाही दोष.

पण तुझा जास्त. ह्याच हातांनी होडी सांभाळली आणि त्या होडीवर तू इंजिनीअर झालास. त्या हातांना हात लावू नका असं सांगतात? आता ते म्हणतात की खेडला तुम्ही दोघं जा, माझं तिथे काम नाही. पांढरा शर्ट इस्त्री करून आणला होता, तो परत ट्रंकेत गेला.

बघ काय करतोस ते. जेवत जा. मी रागावले असले तरी तुझीच आहे.

आई

॥ श्री ॥

ऐरोली
२३ डिसेंबर २०२४

ती. बाबांना शि. सा. न.

चुकलो. फोन केला असता, पण हे हौसाकाकीने ऐकायचं नाही, तुम्ही वाचायचं आहे.

गाडी तुम्हीच धुवायची आहे. मी धुतली तर मोजा खळबळायला विसरेन, मला माहीत आहे. तेल राहू दे, मांजरंही राहू देत. पालशेतकरांनी नाक मुरडलं तर मुरडू दे, पण तुम्ही आला नाहीत तर मी खेडला जाणार नाही. ऋतिकालाही मी हेच सांगितलं आहे. ती म्हणाली की अशा मुलाच्या बाबांना आधी बघायचं आहे.

शर्ट बाहेर काढा. तुमचा राग संपला की माझ्यासाठी उरलं असेल ते प्रेम पाठवा.

तुमचा,
दीपेश

॥ श्री ॥

खेड
२७ जानेवारी २०२५

रा. रा. दत्तारामभाऊ डोर्लेकर यांस सदानंद पालशेतकर यांचा स. न. वि. वि.

आपण येऊन गेलात, आनंद झाला. दीपेश म्हणाला की तुम्हाला फोनपेक्षा पत्र बरं वाटतं, म्हणून लिहितो. गाडी पॉलिशला ठेवून घेतली होती, ती आज तयार झाली.

आधी वरचं बोलतो, कारण मी स्पष्ट बोलणारा आहे. बोनेट मी वाकून दोनदा पाहिलं. एवढे ओरखडे मी अपघाताच्या गाडीवरही पाहिले नाहीत. पण त्यांच्यावर नवं काम दिसत होतं, सरळ हाताचं, आणि कुठे पाण्याचा एक डाग नव्हता. मी विचारलं तेव्हा दीपेश भिंतीकडे बघू लागला आणि तुम्ही मात्र सोडण, पावडर, वाळू, शिंपला सगळं स्वतःहून सांगून टाकलंत. माझ्या अंगणात उभं राहून रंग आपण खराब केला म्हणणारा पहिला माणूस पाहिला. बाकीचे आधीच्या मालकावर ढकलतात.

आता खालचं. गाडी गेटातून आत आली आणि गल्लीतली मांजरं मागोमाग आली, तेव्हाच मला तो वास आला होता. तुमचा मुलगा अत्तर मारून बसला होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. माझे आजोबा पालशेतचे, होडीवाले. ते गेल्यावर होडी विकली आणि आम्ही खेडला येऊन पत्रा ठोकू लागलो. तो वास मला चाळीस वर्षांनी आला. पोह्यांची बशी ठेवून मी गाडी तडक गॅरेजात का नेली, हे तुम्हाला आता कळलं असेल. मला ओले डोळे लपवायला जागा हवी होती.

गाडी वर उचलून पाहिली. किनाऱ्यावरच्या गाड्या माझ्याकडे रोज येतात, वरून झगमगीत, आणि खाली बोट लावलं की पत्रा हातात येतो. तुमच्या गाडीला जुना गंज होता, तो जिथल्या तिथे थांबला आहे. कोपऱ्यांतसुद्धा ब्रश पोचला आहे. कोणी बघणार नाही अशी जागा गुडघा दुखत असताना आडवं होऊन ज्याने जपली, त्याच्या घराबद्दल मला आणखी काही विचारायचं नाही. ऋतिकाचं ठरलेलंच होतं, माझा होकार राहिला होता. तो ह्या पत्राने कळवतो.

दोन अटी आहेत. लग्नाची बोलणी करायला याल तेव्हा त्या तेलाचा एक डबा आणावा. आणि भांड्यांची पावडर भांड्यांनाच राहू द्यावी.

रंग सगळा सारखा झाला आहे. मागच्या दारावरची शिंपल्याची रेघ तेवढी ठेवली आहे. ती मला काढता आली असती, पण ऋतिकाने काढू दिली नाही. म्हणाली की ती रेघ आपण सासरी असताना रोज स्वतः धुणार आहोत, आणि कशी धुवायची ते दीपेशच्या बाबांकडून शिकणार आहोत. तेव्हा पहाटे चारला दुसरा हातमोजा तयार ठेवा.

वहिनींना नमस्कार. आपला लोभ मागायला आता मी परका राहिलो नाही, तरी मागतो.

आपला,
सदानंद पालशेतकर