माल्काआजीची तिथी

प्रिय आई,

तुला घट्ट मिठी, आणि हिंदेआजीच्या गालाचा माझ्या वतीने मुका घे. मी ब्वेनोस आयरेसला सुखरूप पोचले. घरमालकीण रोज बळेबळे सूप पाजते, तेव्हा काळजी नको.

माल्काआजीसाठी मेणबत्ती लावायला तुला तिच्या मृत्यूची तिथी हवी होती, म्हणून बंदराच्या दफ्तरात गेले. आजी सांगते, तिची ही बहीण पोलंडहून इकडे येताना जहाजावरच तापाने गेली. नोंद पाहून तिथले म्हातारे कारकून ग्लुस्मान हसले. "पोरी, मेलेली माणसं जहाजातून चालत उतरतात होय?"

माल्काआजी धडधाकट उतरली होती, लाझार फुक्स नावाच्या नवऱ्याबरोबर. मला इतका आनंद झाला! म्हटलं, तिची मुलंबाळं इथेच कुठेतरी असतील.

ग्लुस्मानांचं हसू मात्र मावळलं. "हा फुक्स दरवर्षी पोलंडहून नवी बायको आणायचा," ते म्हणाले. "संसाराला नाही, कोठ्यावर विकायला. आता घरी जा."

मी ऐकलं नाही. पुढच्या वर्षाची पानं उलटली. फुक्सबरोबर त्याची बायको म्हणून सोळा वर्षांची हिंदे उतरली होती. गाव तेच, वडिलांचं नावही तेच.

आजी तर तिच्या वडिलांबरोबर आली, असंच सांगते ना गं?

बाबांचा खोकला कसा आहे? गुरुवारच्या गाडीने निघते.

आजीला काही विचारू नकोस. रात्री ती दाराची कडी पुन्हापुन्हा तपासते, तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. तिच्याबरोबर तूही तपासून बघ.

तुझीच,
पेर्ला